भाड्याने देण्यासाठी जुनी छोटी गाडी कशी निवडावी: हिशेबापासून पहिल्या ग्राहकापर्यंतचे टप्पे

भाड्याने देण्यासाठी जुनी गाडी घेणाऱ्यांची फसगत बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे होते. आधी गाडी पाहिली जाते, ती डोळ्यांत भरते, इसार दिला जातो, त्यानंतर कागद मागवले जातात आणि गाडी दारात उभी राहिल्यावर ती भाड्यावर परवडते का याचा हिशेब मांडला जातो. हाच क्रम उलट केला, म्हणजे आधी हिशेब, मग मॉडेल, मग कागद आणि शेवटी प्रत्यक्ष गाडी असे चालले, तर दहापैकी सात-आठ गाड्या घरबसल्या बाद होतात आणि उरलेल्या दोन-तीन गाड्या नीट तपासायला वेळ मिळतो.

स्वतःच्या वापराची गाडी आणि भाड्याची गाडी यांची कसोटीही वेगळी असते. आपल्या गाडीचे एखादे दार उचलून लावावे लागत असेल किंवा दुसरा गिअर जरा थांबून टाकावा लागत असेल, तर त्याची आपल्याला सवय होऊन जाते. भाड्याच्या गाडीत मात्र रोज नवा चालक बसतो आणि ती खोड त्याला नेमकी रात्री, अनोळखी रस्त्यावर कळते. म्हणून गाडी निवडताना दोनच प्रश्न धरून ठेवावेत: ही गाडी किती क्वचित बिघडेल, आणि बिघडलीच तर किती दिवसांत पुन्हा रस्त्यावर येईल? यांतला दुसरा प्रश्न जवळजवळ कोणीच विचारत नाही, आणि माझ्या अनुभवात पैसे त्याच प्रश्नापाशी बुडतात.

## टप्पा १: परवानगी, विमा आणि हिशेब

पहिले काम विमा कंपनीला विचारण्याचे आहे. खासगी वापराचा विमा असलेली गाडी मोबदला घेऊन दुसऱ्याला चालवायला दिली आणि अपघात झाला, तर अनेक ठिकाणी दावा नाकारला जातो. त्यामुळे गाडी भाड्याने देण्यासाठी वेगळी नोंदणी, परवाना किंवा वेगळ्या प्रकारचा विमा लागतो का, हे परिवहन कार्यालयाकडून आणि विमा कंपनीकडून लेखी उत्तराने जाणून घ्यावे. एखाद्या भाडे-ॲपवर गाडी चढवायची असेल, तर तेथे गाडीचे वय आणि एकूण किलोमीटर यांवर मर्यादा आहे का तेही पाहावे. आज मर्यादेत बसणारी गाडी वर्षभराने मर्यादेबाहेर जाणार असेल, तर ती आजही घेण्यात अर्थ नाही.

त्यानंतर हिशेब मांडावा. मी तो पैशांत न मांडता "भाड्याच्या दिवसां"त मांडतो, म्हणजे एका दिवसाचे भाडे हेच एकक धरतो, कारण त्यामुळे प्रत्येक खर्चाचे खरे वजन लगेच कळते. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल मानलेले आहेत. समजा, गाडीची किंमत ३०० दिवसांच्या भाड्याएवढी आहे आणि तीन वर्षांनी ती विकून १६० दिवसांएवढे परत मिळतील. म्हणजे घसारा १४० दिवसांचा, वर्षाला सुमारे ४७ दिवस. विमा आणि कर यांचे ३० दिवस, सर्व्हिसिंग, टायर आणि किरकोळ दुरुस्तीचे ३५, स्वच्छता, दलाली किंवा ॲपचा वाटा यांचे २० धरले, तर वर्षाचा खर्च १३२ दिवसांवर जातो. वर्षात २०० दिवस गाडी भाड्यावर गेली, तर हातात ६८ दिवस उरतात. आता यात एकदाच गिअरबॉक्स गेला, त्याला ४० दिवसांच्या भाड्याएवढा खर्च आला आणि सुटा भाग येईपर्यंत भाड्याचे आणखी २० दिवस बुडाले, तर वर्षाच्या कष्टाचे आठ दिवस शिल्लक राहतात. गाडी कर्जाने घेतली असेल, तर व्याज यातूनच जायचे आहे.

इशारा: हातातील सगळी रक्कम गाडीच्या किमतीत घालू नये. खरेदीच्या रकमेचा किमान पाचवा-सहावा हिस्सा पहिल्या महिन्याच्या कामांसाठी बाजूला ठेवावा. ज्यांना तो ठेवता येत नाही, त्यांनी एक पायरी स्वस्त गाडी पाहावी. मात्र "नंतर बघू" म्हणून तपासणीतली कामे पुढे ढकलू नयेत.

## टप्पा २: आधी मॉडेल ठरवा, मग गाडी शोधा

या टप्प्यावर कंटाळवाणी निवड हीच चांगली निवड असते. अनेक वर्षे मोठ्या संख्येने विकले गेलेले, कोणत्याही गॅरेजात उघडता येणारे, साध्या पेट्रोल इंजिनाचे छोटे मॉडेल घ्यावे. टर्बो नसलेले इंजिन थोडे आळशी वाटते, परंतु गार इंजिनाला लगेच जोरात पळवणाऱ्या आणि लांबच्या प्रवासानंतर तत्क्षणी बंद करणाऱ्या अनोळखी चालकांच्या हातात ते जास्त टिकते. शहरातल्या छोट्या फेऱ्यांसाठी गाडी जाणार असेल, तर काजळीचा फिल्टर असलेले डिझेल टाळावे. तो फिल्टर स्वतःला साफ करण्यासाठी सलग, वेगात चालण्याची वाट पाहतो आणि शहरात ती संधी न मिळाल्यास तुंबतो.

गिअरबॉक्सचा निर्णय ग्राहकांवर अवलंबून आहे. आपल्या ग्राहकांना हाताने गिअर बदलण्याची सवय असेल, तर मॅन्युअल गिअरबॉक्स दुरुस्तीला स्वस्त पडतो, पण नवख्या पायांखाली त्याचा क्लच लवकर झिजतो. ऑटोमॅटिक घ्यायचा असेल, तर त्या विशिष्ट मॉडेलच्या त्या विशिष्ट वर्षाच्या गिअरबॉक्सची ख्याती काय आहे ते आधी विचारावे. एकाच नावाच्या गाडीत दोन वेगवेगळ्या वर्षी दोन वेगळ्या जातींचे गिअरबॉक्स बसवलेले असू शकतात.

तीन मॉडेलांची यादी करून दोन वेगवेगळ्या गॅरेजांत जावे आणि प्रत्येक मॉडेलविषयी पुढील प्रश्न विचारावेत:

- या गाडीचे कोणते काम तुमच्याकडे सर्वांत जास्त येते?
- पुढचा बंपर, आरसा, हेडलॅम्प आणि क्लच प्लेट किती दिवसांत मिळते?
- या गाडीचे कोणते काम तुम्ही घेत नाही?

शेवटचा प्रश्न सोडू नये. माझ्या दुसऱ्या गाडीचे इंजिन उत्तम होते, परंतु तिच्या स्टेअरिंगच्या मोटरचे काम आसपास कोणीच घेत नव्हते. त्या एका भागासाठी ती २३ दिवस झाकून उभी राहिली आणि त्या दिवसांतली सगळी आरक्षणे मला दुसऱ्यांच्या गाड्यांवर वळवावी लागली. बंपर आणि आरसे या यादीत मुद्दाम घातले आहेत, कारण भाड्याच्या गाडीचे इंजिनापेक्षा कोपरेच आधी घासले जातात.

वयाच्या बाबतीत चार ते सात वर्षांची गाडी मला सोयीची वाटते. घसाऱ्याचा मोठा भाग पहिल्या मालकाने सोसलेला असतो आणि रबर, वायरिंग, सील अजून जीव धरून असतात. किलोमीटर कमी म्हणजे गाडी चांगली, असे मात्र गृहीत धरू नये. नियमित तेल बदललेली एक लाख किलोमीटरची गाडी वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या तीस हजारांच्या गाडीपेक्षा पुष्कळदा बरी निघते.

## टप्पा ३: फोन आणि कागद

गाडी पाहायला जाण्याआधी विक्रेत्याशी फोनवर बोलून पाच गोष्टी विचाराव्यात: नोंदणी कोणाच्या नावावर आहे, गाडी किती दिवस त्यांच्याकडे आहे, कर्जाचा बोजा आहे का, चाव्या किती आहेत, आणि गाडी कोणत्या गॅरेजात जाते. उत्तरांपेक्षा ती देण्याची पद्धत जास्त सांगून जाते. आपल्याच गाडीचे शेवटचे तेल कधी बदलले हे आठवायला वेळ लागणे साहजिक आहे. नोंदणी कोणाच्या नावावर आहे हे सांगायला वेळ लागणे साहजिक नाही.

मग चेसिस क्रमांक मागवावा. १९८१ नंतरच्या बहुतेक गाड्यांचा हा क्रमांक १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही रोमन अक्षरे वापरली जात नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. पाठवलेल्या क्रमांकात यांतले अक्षर दिसले, तर एक तर उतरवताना चूक झाली आहे किंवा काही तरी बनाव आहे. या क्रमांकावरून पुढील गोष्टी तपासाव्यात:

- नोंदणीतील नाव, रंग, इंधन आणि इंजिन क्रमांक जुळतात का.
- कर्ज देणाऱ्या संस्थेचा बोजा उतरला आहे का. कर्ज फेडले असल्याचे तोंडी आश्वासन पुरत नाही. नोंदणीवरून बोजा काढल्याची नोंद दिसली पाहिजे.
- विम्याचे जुने दावे किती आणि कशाचे होते.
- कंपनीने परत बोलावलेल्या दोषांपैकी एखादे काम बाकी आहे का.

परत बोलावण्याची बाब हसण्यावारी नेऊ नये. ताकाता कंपनीच्या एअरबॅगमधील अमोनियम नायट्रेटवर चालणारे इन्फ्लेटर (पिशवी फुगवणारे भाग) उष्णता आणि दमटपणामुळे खराब होऊन फुटताना धातूचे तुकडे उडवत होते, आणि त्यापायी अनेक कंपन्यांच्या कोट्यवधी गाड्या जगभरातून परत बोलवाव्या लागल्या. असे काम बाकी असेल, तर ते अधिकृत केंद्रात सहसा विनामूल्य होते, पण ते झाल्याशिवाय गाडी ग्राहकाला देता येणार नाही.

पडताळणी: सर्व्हिसिंगच्या पावत्या तारखेच्या क्रमाने लावून प्रत्येकीवरचे किलोमीटर एका कागदावर लिहून काढावेत. आकडा कुठेही मागे आला किंवा दोन वर्षे जागचा हललाच नाही, तर गाडी पाहायला जाण्याची गरज नाही.

## टप्पा ४: थंड गाडी, दिवसाच्या उजेडात

विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावे की आपण येईपर्यंत गाडी सुरू करू नये. पोहोचल्यावर पहिले काम म्हणजे बॉनेटवर तळहात ठेवणे. एकदा मी सकाळी ठरल्या वेळी पोहोचलो, तर बॉनेट कोमट लागले. "जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो," असे उत्तर मिळाले. मी दुसऱ्या दिवशी न कळवता अर्धा तास आधी गेलो. त्या वेळी गाडी सुरू होताच पहिले तीन-चार सेकंद इंजिनातून डबीत खिळे हलवल्यासारखा आवाज आला आणि तेल वर चढताच तो विरून गेला. टायमिंग चेन (इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारी साखळी) सैल झाल्याचे ते लक्षण होते आणि गरम इंजिनावर ते कधीच ऐकू आले नसते.

सोबत विजेरी, पांढरा कागद, मऊ कापडात गुंडाळलेले लहान लोहचुंबक, टायरची खोली मोजण्याची पट्टी, मल्टिमीटर आणि ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकात साठलेले दोषांचे कोड वाचणारे उपकरण) असावा. पाऊस पडत असताना किंवा गाडी नुकतीच धुतलेली असताना पत्रा पाहू नये. ओल्या रंगावर सगळे पत्रे सारखेच दिसतात.

बाहेरून. गाडीच्या कोपऱ्याशी उकिडवे बसून पत्र्याच्या लांबीने नजर टाकावी. दारे, बॉनेट आणि डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या रुंदीच्या असाव्यात. लोहचुंबक एखाद्या जागी धरत नसेल, तर तेथे पुट्टी जाड भरलेली असण्याची शक्यता आहे, मात्र बंपर आणि काही गाड्यांचे पुढचे फेंडर मुळातच प्लास्टिकचे असतात हे लक्षात ठेवावे. रंगाची जाडी मोजणारे यंत्र असेल, तर कंपनीचा रंग साधारण ८० ते १६० मायक्रॉनमध्ये असतो, आणि कुठेतरी आकडा अचानक ३०० च्या पुढे गेला तर तो पत्रा पुन्हा रंगवलेला आहे. एखादे दार किंवा फेंडर रंगवलेले असणे हा दोष नाही. बॉनेट उचलल्यावर दिसणाऱ्या लांब पट्ट्या, छताचे खांब आणि डिकीच्या गादीखालचा पत्रा येथे मात्र वेल्डिंगच्या ताज्या खुणा दिसल्या, तर गाडी मोठ्या अपघातातून उठलेली आहे आणि तिला सोडून द्यावे.

पाण्यात गेलेली गाडी. पुढच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढावा आणि त्याची शेवटची वीतभर लांबी पाहावी. आतून धुतलेल्या गाडीतही तेथे चिखलाची रेघ राहून जाते, कारण पट्टा इतका बाहेर कोणी ओढत नाही. सीटच्या रुळांचे स्क्रू, स्टेपनीचा खड्डा आणि गालिच्याखालचा फोम यांवर गंज किंवा ओल असेल, सुगंधी फवाऱ्याचा वास नको इतका येत असेल, तर पुढची तपासणी थांबवावी. पाणी शिरलेले वायरिंग महिनोन् महिने नीट चालते आणि मग दर आठवड्याला वेगळा दिवा लागतो.

टायर. बाजूच्या भिंतीवर चार आकड्यांचा शिक्का असतो. ३५२१ म्हणजे २०२१ सालातला ३५ वा आठवडा. नव्या टायरची नक्षी साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असते, अनेक देशांत कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण ओल्या रस्त्यावरची पकड त्याच्या बरीच आधी, साधारण ३ मिलिमीटरच्या खाली गेल्यावर, जास्त ढासळू लागते. नक्षी आतल्या किंवा बाहेरच्या कडेला जास्त झिजली असेल, तर अलाइनमेंट किंवा सस्पेन्शन तपासावे लागेल. चारही टायर वेगवेगळ्या बनावटीचे असतील, तर मालकाने इतरत्रही असेच भागवले असेल असे मी धरून चालतो.

बॉनेटखाली. डिपस्टिक काढून तेल पांढऱ्या कागदावर टेकवावे. काळे तेल चालते. त्यात धातूची चमक किंवा दुधाळ रंग असेल, तर चालत नाही. दुधाळपणा म्हणजे तेलात पाणी, आणि त्याचे एक कारण गेलेले हेड गास्केट (इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधले सील) हे असते. कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) गंजलेल्या पाण्यासारखे तपकिरी असेल, तर नुसते पाणी भरून गाडी चालवली गेली आहे. इंजिन बंद असताना आणि गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट आणि सुरू केल्यावर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.७ व्होल्ट दिसावेत. पूर्ण धुऊन चकचकीत केलेले इंजिन पाहून खूश होऊ नये. कुठून तेल गळते ते लपवण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

इशारा: गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते आणि अंगावर उसळते.

पडताळणी: इंजिन सुरू न करता चावी "ऑन"वर फिरवल्यावर इंजिन, एअरबॅग आणि एबीएस यांचे दिवे लागले पाहिजेत आणि गाडी सुरू झाल्यावर काही सेकंदांत विझले पाहिजेत. दिवा लागून राहणे वाईट, पण तो मुळीच न लागणे त्याहून वाईट, कारण तो कोणीतरी मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

## टप्पा ५: चालवून पाहणे

दहा मिनिटांची फेरी म्हणजे तपासणी नव्हे. किमान चाळीस मिनिटे, गर्दीचा रस्ता, मोकळा रस्ता, एक चढ आणि एक खडबडीत तुकडा असा मार्ग ठरवून जावे. संगीत बंद ठेवावे. विक्रेता सोबत असेल आणि फार बोलत असेल, तर काचा खाली घ्याव्यात.

१. गाडी सुरू करताना सोबतच्या माणसाला मागे उभे करून सायलेन्सरचा धूर पाहायला सांगावे. निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे, काळा म्हणजे इंधन जास्त जात आहे, आणि गरम झाल्यावरही न थांबणारा, गोडसर वासाचा दाट पांढरा धूर म्हणजे कूलंट आत शिरत आहे. थंड हवेत सुरुवातीला दिसणारी वाफ यात मोजू नये.

२. मोकळ्या जागेत स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरावे. कट-कट असा आवाज आला, तर पुढच्या चाकाच्या ॲक्सलचा सांधा झिजला आहे.

३. मॅन्युअल गाडीत तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावर असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. इंजिनाचे फेरे भराभर वाढले आणि गाडीचा वेग वाढला नाही, तर क्लच घसरत आहे. ऑटोमॅटिकमध्ये थांबलेल्या गाडीत पुढे-मागे गिअर बदलताना उशीर किंवा धक्का जाणवता कामा नये.

४. मागे कोणी नाही असे पाहून मोकळ्या, सरळ रस्त्यावर जोरात ब्रेक लावावा. गाडी एका बाजूला ओढली गेली तर एका चाकाचा ब्रेक अडकला आहे किंवा धरत नाही. स्टेअरिंग थरथरले तर डिस्क वाकडी आहे.

५. खडबडीत तुकड्यावर हळू जाऊन खडखडाट कोणत्या कोपऱ्यातून येतो ते ऐकावे. बुश आणि लिंक रॉड यांचे काम स्वस्त असते. शॉकअप आणि स्टेअरिंग रॅक यांचे नसते.

६. एसी पूर्ण लावून वीस मिनिटे चालवावे आणि मग गर्दीत थांबून राहावे. उभ्या गाडीत हवा गरम होऊ लागली, तर रेडिएटरचा पंखा, कंडेन्सर किंवा गॅस यांपैकी काहीतरी उणे आहे. तापमानाचा काटा याच वेळी वर सरकतो का ते पाहावे.

७. परतल्यावर गाडी बंद करून पंधरा मिनिटे थांबावे आणि पुन्हा सुरू करावी. काही गाड्या थंड असताना आणि चालताना निर्दोष वाटतात आणि गरम अवस्थेत सुरू व्हायला मात्र कुरकुरतात. भाड्याच्या गाडीबाबत हीच तक्रार सर्वांत जास्त फोन आणते, कारण ती ग्राहक इंधन भरायला थांबतो तेव्हाच होते.

## टप्पा ६: ओबीडी रीडर आणि लिफ्ट

अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपीय संघात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ओबीडीची सोय बंधनकारक झाली, आणि आज बहुतेक छोट्या गाड्यांत स्टेअरिंगच्या खाली तिचे सॉकेट सापडते. लोक रीडर लावतात, कोड नाही असे पाहतात आणि समाधानाने काढून ठेवतात. येथेच फसगत होते, कारण कोड पुसणे हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे. खरी माहिती आणखी दोन जागी असते. पहिली म्हणजे गाडीच्या स्व-चाचण्यांची स्थिती: कोड पुसले की या चाचण्या "अपूर्ण" दिसू लागतात आणि त्या पूर्ण व्हायला काही दिवसांचे साधे चालवणे लागते. दुसरी म्हणजे कोड पुसल्यापासून कापलेले अंतर, जे बऱ्याच रीडरवर दिसते. हे अंतर ११ किलोमीटर असेल आणि विक्रेत्याचे घर तुमच्या भेटीच्या जागेपासून तेवढेच दूर असेल, तर काय घडले ते सांगायला नको. अशा वेळी आठवडाभराने पुन्हा पाहू, असे म्हणावे.

पी०३०० सारखा कोड इंजिन मध्येच ठोका चुकवत असल्याचे सांगतो आणि त्याचे कारण स्पार्क प्लगइतके क्षुल्लकही असू शकते. पी०४२० हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) नीट काम करत नसल्याकडे बोट दाखवतो आणि तो भाग महाग असतो. कोड म्हणजे निदान नव्हे, म्हणून दुरुस्तीचा अंदाज मेकॅनिककडूनच घ्यावा.

त्यानंतर गाडी आपल्या ओळखीच्या, विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवावी. तेथे चेसिसचा गंज, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावरची तेलाची ओल, ॲक्सलचे फाटलेले रबरी बूट, ब्रेकच्या नळ्या आणि सायलेन्सरचे ठिगळ हे सारे पाच मिनिटांत दिसते. विक्रेता लिफ्टला नकार देत असेल, तर कारण काहीही असो, तेथून निघावे.

## टप्पा ७: ग्राहकाच्या जागी बसून

हा टप्पा छोटा आहे आणि बहुतेक जण तो विसरतात. मागच्या सीटवर बसून दार आतून उघडावे, चारही काचा वर-खाली कराव्यात, सगळे पट्टे लावून झटका देऊन पाहावेत, लहान मुलांची सीट अडकवायचे आकडे आहेत का ते चाचपावे. डिकीत दोन मोठ्या बॅगा मावतात का ते खरोखर ठेवून पाहावे. चार्जिंगचे सॉकेट, वायपर, मागचा कॅमेरा आणि दुसरी चावी चालते का ते तपासावे. इलेक्ट्रॉनिक चिप असलेली हरवलेली चावी नव्याने बनवणे अपेक्षेपेक्षा महाग पडते, आणि भाड्याच्या धंद्यात चावी कधी ना कधी हरवतेच.

## टप्पा ८: सौदा

तपासणीत निघालेल्या कामांच्या तीन याद्या कराव्यात: पहिल्या भाड्याआधी करायची कामे, सहा महिन्यांत करायची कामे आणि दिसण्यापुरती कामे. घासाघीस फक्त पहिल्या दोन याद्यांवर करावी, तीही मेकॅनिकच्या लेखी अंदाजावर बोट ठेवून. बंपरवरच्या ओरखड्यांसाठी किंमत पाडण्यात वेळ घालवू नये, कारण तसेच ओरखडे पुढच्या दोन महिन्यांत आपल्याकडेही पडणार आहेत.

पैसे देण्याचा क्रमही ठरलेला असावा. थोडासा इसार, त्याची पावती, त्यावर "बोजा न उतरल्यास किंवा कागद न जुळल्यास परत" अशी ओळ, मग नाव बदलण्याच्या अर्जावर सह्या, आणि उरलेली रक्कम बँकेतून, नोंदणीकृत मालकाच्याच खात्यात.

इशारा: "दुसरा गिऱ्हाईक संध्याकाळी येतोय" हे वाक्य ऐकू आले की त्याला येऊ द्यावे.

## टप्पा ९: पहिल्या ग्राहकाआधी

गाडी घरी आल्यावर तिला आठवडाभर स्वतः चालवावे, आणि त्याच आठवड्यात पुढील कामे उरकावीत. इंजिन तेल, त्याचा फिल्टर, हवेचा फिल्टर आणि कूलंट बदलून टाकावेत, पावतीवर नुकतेच बदलल्याचे लिहिलेले असले तरीही, कारण पुढचा सगळा हिशेब याच तारखेपासून चालणार आहे. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषून घेते. ते दोन वर्षांपेक्षा जुने असेल तर बदलावे. गाडीला टायमिंग बेल्ट असेल आणि तो बदलल्याचा लेखी पुरावा नसेल, तर तो बदललेला नाही असेच धरावे. अनेक इंजिनांत हा पट्टा चालत्या गाडीत तुटला, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून ते वाकतात आणि इंजिन खोलावे लागते.

स्टेपनीत हवा भरावी आणि जॅक, पाना व त्रिकोण जागेवर आहेत का ते पाहावे. मग गाडी स्वच्छ करून, सावली नसलेल्या जागी, चारही बाजूंनी, चारही चाकांचे, काचेचे, छताचे, प्रत्येक सीटचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो तारखेसह काढून ठेवावेत. प्रत्येक भाड्याच्या आधी आणि नंतर याच कोनांतून फोटो काढले, तर ओरखड्यावरून होणारा वाद दोन फोटो शेजारी ठेवून मिटवता येतो.

गाडीत एक छोटी वही ठेवावी. तिच्या पहिल्या पानावर तेल बदलल्याचे किलोमीटर, टायरची हवा, विम्याचा क्रमांक आणि मदतीसाठीचा दूरध्वनी असावा. पुढच्या पानांवर ग्राहकाने परत करताना सांगितलेली प्रत्येक बारीक तक्रार त्याच्याच शब्दांत लिहावी. "डावीकडे वळताना काहीतरी घासते" असे दोन वेगवेगळ्या ग्राहकांनी सांगितले, की तिसऱ्याला गाडी देण्याआधी ती लिफ्टवर चढली पाहिजे.